दर्शनी भिंत

सातवीण फुलली की मला माझ्या धाकट्या जावेची आठवण येते, आणि तिची आठवण आली की पोटात दुखायला लागतं. लोकांना या झाडाच्या वासाने डोकं धरतं, मला जाऊ आठवते. भाईंदर पूर्वेला आमच्या इंद्रलोकच्या रस्त्यावर कुणी हौसेने ओळीने सातविणी लावून ठेवल्यात. ऑक्टोबर लागला, ऊन करपवायला लागलं, की संध्याकाळी हा जड, गोडूस वास दुकानात शिरतो आणि कापडांच्या ताग्यांवर बसून राहतो. परवा तो पहिल्यांदा आला. त्याच सुमाराला फोनवर नवरात्रीच्या नऊ रंगांची यादीही आली. यंदा राखाडी कुठल्या वारी आहे ते बघून बायकांचे फोन सुरू झाले. "ताई, माझ्याकडे राखाडी ब्लाउजच नाही हो!" जणू राखाडी ब्लाउजावाचून देवी दारातूनच परत जाणार आहे.

मी ब्लाउज शिवते. आता तळमजल्यावर माझा गाळा आहे, तीन मशिनी आहेत, शिलाईला दोघी बायका येतात. सांगायला छान वाटतं. पण हा गाळा ज्या ऑक्टोबरात मिळाला, तो ऑक्टोबर मला अजून पचलेला नाही.

तेव्हा मी चौथ्या मजल्यावर, घरातच शिवायचे. लिफ्ट नाही. गिऱ्हाईक चार जिने चढून धापा टाकत यायचं आणि पहिलं वाक्य असायचं, "पाणी द्या हो." मशीन खिडकीशी होती. त्या खिडकीतून पूर्वी लांबवर मिठागरं दिसायची, दुपारच्या उन्हात पांढरीफटक. मग समोर टॉवर आला आणि मिठाऐवजी लोकांच्या गॅलऱ्यांतले टॉवेल दिसायला लागले. हॉलमध्ये इस्त्रीची धग, खडूची भुकटी, सोफ्यावर नऊ रंगांचे ढीग. आमच्या ह्यांना घरी आल्यावर बसायला जागा नसायची, ते बिचारे ओट्याला टेकून चहा प्यायचे. टेम्पो ट्रान्सपोर्टमध्ये हिशेब लिहायची नोकरी, निम्मा पगार खात्यात, निम्मा हातात. कशालाही "बघू" म्हणायची सवय.

तर जाऊ. स्वाती तिचं नाव. सासऱ्यांची परळची खोली विकली तेव्हा दोघा भावांना अगदी सारखे पैसे मिळाले, पैचाही फरक नाही. आम्ही काय केलं? तेवढ्यात जे बसेल ते घेतलं. कमी पडले तिथे माझ्या बांगड्या आणि गोठ मोडले आणि इंद्रलोकमध्ये एक हॉल, एक बेडरूम, चौथा मजला, सगळं रोख. कर्ज म्हणून नाही. आणि स्वातीने? तेवढेच पैसे नुसते पुढे ठेवले, उरलेलं बँकेकडून उचललं आणि मीरा रोडला दोन बेडरूम घेतल्या. लिफ्ट दोन, खाली बाग, बागेत कारंजं. वास्तुशांतीला मी तिच्या गॅलरीत उभी होते. खाली कारंजं उडत होतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. सारखेच पैसे हो! घरी येताना रिक्षात ह्यांना म्हटलं, "कर्जाचं घर आहे, आपलं तसं नाही." हे म्हणाले, "हो ना." पण त्या "हो ना"त काही दम नव्हता.

माझ्या अंगात हे कर्जाचं वावडं आलं ते बाबांकडून. माझे बाबा सहकार खात्याच्या कार्यालयात कारकून होते. सावकारांचे परवाने त्यांच्या टेबलावरून जायचे. परवाना कुणाला द्यायचा, कुणाचा नव्याने करायचा, कुणाविरुद्ध तक्रार आहे. त्यामुळे आमच्या घरात जेवताना इतर घरांतल्यासारखं नटनट्यांचं बोलणं नसायचं, सावकारांचं असायचं. कुणी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, कुणी गहाण टाकलेली पोत परत देईना, कुणी मुदलापेक्षा जास्त व्याज उकळलं. "दामदुपटीच्या वर व्याज घेता येत नाही," बाबा भात कालवत सांगायचे, "मग तो कितीही मोठा सावकार असो." मी सात-आठ वर्षांची असेन, मला 'दरसाल दर शेकडा' हे शब्द बाराखडीसारखे पाठ होते. परवान्यावर व्याज असंच लिहितात, वर्षाचं. माझ्या कानाला दुसरं माहीतच नव्हतं, आणि पुढे मी तिथेच तोंडावर आपटले.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून बाबा मला तपासणीला बरोबर घेऊन गेले. एका सोनाराचं दुकान होतं, तो सावकारीही करायचा. थंडगार लादी, तराजू, उदबत्तीचा वास. बाबांनी विचारलं, "परवाना कुठाय?" सोनार म्हणाला, "आहे ना साहेब, भिंतीवरच आहे." भिंतीवर लक्ष्मीचं भलंमोठं कॅलेंडर. बाबा उठले, चप्पल काढली, लक्ष्मीला नमस्कार केला आणि कॅलेंडर अलगद बाजूला सारलं. मागे फ्रेममध्ये परवाना, त्यावर जळमटं. "दर्शनी भिंत म्हणजे काय, कळतं का?" बाबा एवढंच बोलले. "पैसे घेणाऱ्याला देणारा कोण आहे ते दिसलं पाहिजे." सोनाराने तिथल्या तिथे कॅलेंडर उतरवलं आणि मला एक लिमलेटची गोळी दिली. बाबांनी ती मला परत करायला लावली.

अशा घरातली मी. हप्त्यावर साधी पिन घेतली नाही कधी. आणि स्वाती? दर दसऱ्याला तिच्याकडे पूजेला नवी वस्तू. एका दसऱ्याला दोन दारांचा फ्रिज, पुढल्या दसऱ्याला एसी, मग कोपऱ्यात वळणारा सोफा. सगळं हप्त्यांवर. झेंडूची माळ घातलेल्या त्या फ्रिजला मी हळदकुंकू वाहिलंय हो, या हाताने! आणि वर ती म्हणणार, "ताई, तुम्ही पण घ्या ना, काही कळत पण नाही, जातात कापले खात्यातून." मी हसून म्हणायचे, "आम्हाला नाही बाई जमत." आतून वाटायचं, होऊ दे एकदा काहीतरी, अडकू दे हिचा एखादा हप्ता. तिचा कधी अडकला नाही. हे बरं लक्षण नव्हे म्हणाल, तर नव्हे. पण वाटायचं.

त्या ऑक्टोबरात आमच्याच बिल्डिंगचा तळमजल्याचा इस्त्रीवाला गाळा सोडून गावी गेला. गाळ्याचे मालक जिग्नेशभाई. मी पदर खोचून त्यांच्याकडे गेले. रस्त्यावरचा गाळा, गिऱ्हाइकाला जिने नाहीत, मशिनी मांडायला जागा. मला तो हवा होता. इतकं काही मला पूर्वी कधी हवं झालं नव्हतं. जिग्नेशभाई म्हणाले, "भाभी, आप घर के हो. दशहरे तक रुकता हूँ. उसके बाद मोबाईलवाला खडा है." डिपॉझिट, एक शिलाईची मोठी मशीन, एक इंटरलॉकची, थोडं फर्निचर. जमवले होते त्याच्या तिप्पट पैसे लागणार होते.

ह्यांना विचारलं. "बघू," म्हणाले. मग मीच बँकेत गेले, ह्यांना ओढत. आयुष्यात पहिल्यांदा कर्ज मागायला. नवी साडी नेसले होते, वेडी कुठली, जणू मुलगी दाखवायला चाललोय. काचेपलीकडे एक तरुण मुलगा होता, गळ्यात पट्टा, केस चापून बसवलेले. त्याने आमचे नंबर टाकले, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा टाकले. "मॅडम, सर का भी स्कोअर मायनस वन आ रहा है, आपका भी मायनस वन."

"म्हणजे?"

"आपने कभी लोन लिया नहीं ना? कार्ड भी नहीं? तो हिस्टरी ही नहीं है. सिस्टम को कैसे पता चलेगा आप भरोगे?"

मी म्हटलं, "अहो, कुणाचं एक पैसा देणं नाही आमचं!" तो म्हणाला, "वही तो प्रॉब्लेम है मॅडम." ह्यांचा निम्मा पगार हातात येतो, तोही त्याच्या हिशेबात नव्हता. मला शून्य मिळालं असतं तरी चाललं असतं. शून्याच्याही खाली! बाहेर आलो तर रस्त्यावर सातविणीचा वास आणि कुठल्याशा मंडळाची गरब्याची तालीम. ह्यांनी मला उसाचा रस पाजला. मी रडले नाही, पण अर्धा ग्लास तसाच परत दिला.

दोनच दिवसांनी जिग्नेशभाईंनी जिन्यात गाठलं. "भाभी, मेरा एक पहचानवाला है. तीन टका. पेपर-वेपर कुछ नहीं, आपका एक चेक और सोसायटी का शेअर सर्टिफिकेट रख देगा, बस."

तीन टक्के! बँक अकरा-बारा सांगते आणि हा तीन. माझ्या डोक्यात पहिली कोण आली असेल? स्वाती. तिच्या सगळ्या हप्त्यांपेक्षा स्वस्त! मी त्याच संध्याकाळी रिक्षा करून मीरा रोडला गेले. कशाला, तर दाखवायला. बरोबर चिवडा नेला होता, नुसत्या हाताने कसं जायचं. स्वाती नुकती ऑफिसातून आली होती, पाय वर घेऊन त्या वळणाच्या सोफ्यावर बसली होती. मी इकडचं तिकडचं बोलले आणि सहज म्हणून टाकलं, "मला मिळतंय हं कर्ज. तीन टक्क्यांनी, नुसतं सोसायटीचं सर्टिफिकेट ठेवून. तुझ्या बँकेहून कितीतरी स्वस्त."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली असती तर बरं झालं असतं. तिने पाय खाली घेतले. "ताई, तीन टक्के महिन्याला की वर्षाला?"

"म्हणजे काय? व्याज वर्षाचंच असतं."

"अहो ताई, बाजारात तीन टका म्हणजे महिन्याचे तीन. वर्षाचे छत्तीस होतात. आणि घराचे पेपर ठेवून घेणार? कोणाला विचारून?"

छत्तीस. सावकारांचे परवाने करणाऱ्याची मुलगी मी, 'दरसाल दर शेकडा' ऐकत मोठी झालेली, आणि मला हे हिने सांगावं! मी चिडले. म्हटलं, "तुला काय कळतंय? चल माझ्या बाबांकडे, ते सांगतील." मला अगदी मनापासून वाटत होतं की बाबा तिला खोटं पाडतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा भाईंदर पश्चिमेला माझ्या भावाकडे असतात. गॅलरीत बसून कांदे निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला पाठ होता. "परवाना आहे का त्याचा?"

"नाही बहुतेक."

"दुकान आहे? भिंत आहे?"

"नाही हो बाबा."

"मग तो सावकार नव्हे, चोर आहे. आता कायदा कडक झालाय. पूर्वी असले लोक दंड भरून सुटायचे, आता तुरुंगात जातात. आणि ही म्हणते ते बरोबर आहे, तीन म्हणजे महिन्याचे तीन. परवान्यावर वर्षाचं का लिहायला लावतो आम्ही? लोकांनी असं फसू नये म्हणूनच ना!" मग म्हणाले, "बँकेत जा की."

तेव्हा स्वातीने त्यांना मायनस वन समजावून सांगितलं. जे कर्ज घेतात आणि फेडतात त्यांचीच नोंद होते, जे घेतच नाहीत ते कुणाला दिसतच नाहीत. बाबा कांदा हातात धरून ऐकत राहिले. पोरीला आयुष्यभर कर्जापासून लांब ठेवलं त्याचं हे फळ. मला त्यांच्याकडे बघवेना. मग म्हणाले, "मी सावकारापासून लोकांना वाचवत बसलो. हे असलं काही येईल असं वाटलं नव्हतं." मग स्वातीला म्हणाले, "फोनवरही पैसे देतात म्हणे आता? त्यांनी परवाना कुठे लावायचा? फोनला भिंत कुठाय?" स्वाती खळखळून हसली, बाबाही हसले. आणि मग माझ्या देखत, माझे बाबा, माझ्या जावेला म्हणाले, "पोरी, तुला व्यवहार कळतो."

मला आजवर कधी म्हणाले नव्हते. दोन दारांचा फ्रिज राहू दे, कारंजं राहू दे, ते वाक्य तिला मिळालं आणि मी नुसती बघत राहिले. फ्रिज निदान विकत तरी आणता येतो.

परत येताना आम्ही स्टेशनचा पूल चढत होतो. स्वाती एकदम म्हणाली, "ताई, मी माझ्या नावावर कर्ज काढते. माझं प्री-अप्रूव्ह्ड आहे, बँकेने आधीच मंजूर करून ठेवलंय, दोन दिवसांत येतील पैसे. तुम्ही हप्ता मला देत जा. बँकेचं व्याज लागेल तेवढंच."

"नको."

"का नको?"

"उद्या मला नाही जमलं तर तुझं नाव खराब होईल."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी आपण गॅस बंद केला का विचारणाऱ्याकडे टाकतो. "तुम्ही बुडवणार नाही हे बँकेला माहीत नाही ताई. मला माहीत आहे ना."

मी मान डोलावली. तिच्या जागी मी असते आणि माझ्या जागी ती, तर मी म्हटलं असतं का असं? मी चार दिवस विचार केला असता, ह्यांना विचारलं असतं, "बघू" म्हटलं असतं. तिने पुलावर, गर्दीत, समोशाचं पुडकं हातात धरून म्हणून टाकलं. तिच्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला. तो सगळ्यांत वाईट. वस्तूंवर जळता येतं, मन मोकळं होतं. अशा माणसावर किती जळणार?

दसऱ्याला गाळा उघडला. मशिनींना झेंडूच्या माळा, शटरला तोरण, दारात रांगोळी. माझ्या मालकीची पहिली पूजा. स्वाती पेढे घेऊन आली, जिग्नेशभाईंनी नारळ फोडला. बाबांनी मशीनच्या चाकाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "व्याज घेत नाहीस, परवाना नाही, तरी पैसे देतेस. तू कुठल्याच कायद्यात बसत नाहीस गं." ते बोलत होते स्वातीशी. दुकान माझं होतं.

मग सुरू झाले हप्ते. दर महिन्याला मी स्वातीला पैसे पाठवायचे, ती बँकेत भरायची. एकदाही चुकवला नाही मी, दिवाळीत गिऱ्हाइकांनी पैसे थकवले तेव्हाही नाही. आणि बँकेचा मेसेज कुणाला यायचा? 'प्रिय स्वाती, हप्ता वेळेवर भरल्याबद्दल आभार.' ती तो मला पुढे पाठवायची, सोबत फुलांचं चित्र. मान मोडून राखाडी ब्लाउजांना हुक लावायचे मी, शहाणी ठरायची ती. माझ्या वेळेवरच्या हप्त्यांनी तिचा स्कोअर वाढला, बँक तिच्या मागे लागली आणि त्यावर तिने गाडी घेतली. पांढरी. पहिल्या दिवशी मला फिरवायला घेऊन गेली, उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून वारा येत होता, ती गाणी लावत होती आणि मी मनात म्हणत होते, या गाडीचं एक चाक तरी माझं आहे.

गेल्या महिन्यात कर्ज फिटलं. बँकेने 'देणे नाही' असा दाखला दिला. स्वाती तो फ्रेम करून घेऊन आली, म्हणाली, "ताई, हे तुमचं आहे. लावा दुकानात." वर ठळक अक्षरांत नाव होतं तिचं.

आता मी काय करावं? न लावावं तर ती येते-जाते. लावला. कपाटाशेजारच्या भिंतीवर, अंमळ बाजूला. आणि नवरात्रीची यादी मोठी छापून आणली होती ती नेमकी त्याच खिळ्यावर टांगली. गिऱ्हाइकांना रंग दिसायला हवेत की नाही? मला आपलं तेच कारण वाटत होतं.

दरम्यान मी चौथ्या मशीनसाठी हप्त्यावर अर्ज केलाय, पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावाने. मशीनवाल्याच्या माणसाने एक कागद दिला. आता म्हणे नियमच आहे, सगळं धरून वर्षाला किती टक्के पडतात ते आधी एका कागदावर लिहून द्यायचं. काल बाबा दुकानात आले, काठी टेकत, ते हा कागद बघायलाच. खुर्चीत बसले, चष्मा लावला, 'वार्षिक' या शब्दावर बोट ठेवलं आणि इतके खूश झाले की मला वाटलं आता कागदाचा मुका घेतात. "बघ, झालं ना शेवटी! आता फोनवाल्यांनाही हे द्यावंच लागेल."

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. यादीच्या खालून फ्रेमची कड दिसत होती. बाबा उठले. चप्पल काढली. यादीच्या वर देवीचं छोटं चित्र छापलंय, त्याला नमस्कार केला आणि यादी अलगद बाजूला सारली. दाखला वाचला, सावकाश, शेवटच्या शिक्क्यापर्यंत. माझ्या हातातली सुई थांबली.

"दर्शनी भिंत म्हणजे काय, कळतं का?" बाबा म्हणाले.

मी उठले. यादी काढली, दाखला काढला आणि समोर, आरशाच्या वर, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा लावला. तेवढ्यात एक बाई आली, राखाडी ब्लाउज घेऊन, घामाघूम. आरशात केस सारखे करता करता वर बघत म्हणाली, "स्वाती म्हणजे तुम्हीच का?"

"नाही," म्हटलं. "माझी जाऊ. तिच्या पैशावर हे दुकान उभं राहिलं."

"अय्या! नशीबवान आहात हो, अशी जाऊ मिळाली."

बाहेरून सातविणीचा वास आत आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मी टेप घेतला आणि त्या बाईला म्हटलं, "हात वर करा."